भाऊबंदकीनं जपलेली वंशावळ

आमचे पूर्वज पेशव्यांच्या पदरी होते, असं घरात सगळेच सांगतात. काका तर त्यांना थेट घोड्यावर बसवतात. पदरी म्हणजे नेमकं काय करत, हे विचारायची मात्र सोय नाही.

म्हणून पुणे स्टेशनवरून रिक्षा केली आणि कौन्सिल हॉलजवळच्या पुराभिलेखागारात पोचले. पेशवे दफ्तर इथं आहे. इतिहासकार सरदेसायांनी त्यातून निवडून 1930 ते 1934 मध्ये 45 खंड छापले, पण ते एवढ्या ढिगातले मूठभर. बाकी सगळं रुमालांत बांधलेलं, मोडीत, आणि मोडी मला शून्य. ओळखीतल्या एका मोडीवाचक बाई सोबत आल्या म्हणून निभावलं.

घोडा कुठंच नव्हता. होती ती कुलकर्णी वतनाच्या हिश्श्यावरून दोन भावांची तक्रार! 1852 च्या कायद्यानं इंग्रजांच्या इनाम कमिशनला बळ आलं, आणि जमिनी-वतनांवर हक्क सांगणाऱ्यांना पुरावे घेऊन उभं राहावं लागलं. त्या कैफियतीत आमच्या माणसानं आजोबापासूनची वंशावळ लिहून दिली होती. भाऊ गुण्यागोविंदानं नांदले असते, तर मला एकही नाव मिळालं नसतं.

वतनाच्या सनदेवर अरबी शब्दांतलं सुहूर साल होतं, ‘इहिदे सबैन मया व अलफ’. बाई म्हणाल्या, ‘‘एक, सत्तर, शंभर, हजार. झाले 1171. त्यात 599 मिळवा, मृगापासून वर्ष सुरू होतं.’’ म्हणजे 1770-71, थोरल्या माधवरावांची कारकीर्द. वंशावळीत बायका नाहीतच. एकीचा उल्लेख आहे, तोही तिनं दत्तक घेतला आणि दिरांनी हरकत घेतली म्हणून. नाव नाही, ‘अमक्याची बायको’ एवढंच. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त तिलाच भेटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं दिवे घाट चढून सासवड, पुढं वडापनं गाव. घाटातून मस्तानी तलाव दिसतो. पाणी होतं, खिडकीची जागा नव्हती.

गावात दुसऱ्या तक्षिमेचे, म्हणजे वतनातल्या दुसऱ्या हिश्श्याचे, अण्णा भेटले, नात्यानं माझे चुलत आजोबा. कुलकर्णी वतनं 1951 मध्ये संपली, पण जमीन आहे. त्यांनी चष्मा लावून लिप्यंतराचा कागद दोनदा वाचला.

‘‘थोरली पाती आमची, पोरी. हे इथं चुकीचं लिहिलंय.’’

आणि ते सातबारा आणायला आत गेले.