तेंदूच्या हंगामात भामरागडच्या आतल्या गावी पाच दिवस

मे महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला निघालो तेव्हा घरी सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "एवढ्या उन्हात कशाला?" माडिया आदिवासींच्या गावात वर्षभराचा रोख पैसा कुठून येतो हे बघायचं असेल तर तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगामच गाठावा लागतो. हा हंगाम उन्हाळ्यातच येतो आणि जेमतेम दोन आठवडे टिकतो. गावाचं नाव लिहीत नाही. ग्रामसभेने तशी विनंती केली आणि मी शब्द दिला. भामरागडपासून बारा-पंधरा किलोमीटर आत, तीसेक घरांचं गाव आहे.

नागपूरहून चंद्रपूर, तिथून एसटीने आलापल्ली आणि पुढे सागाच्या जंगलातून साधारण 65 किलोमीटर भामरागड. स्वतःची गाडी असेल तर टाकी आलापल्लीतच भरून घ्या. पैसे रोख न्या, तेही दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, कारण आतल्या गावांत रेंजच नसते, तिथे फोनवरून पैसे कसे देणार? ओळखपत्र जवळ असू द्या. वाटेत पोलीस मदत केंद्रावर चौकशी होते. कुठे आणि कोणाकडे जातोय ते सरळ सांगितलं की अडचण येत नाही. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा लागतं. बाबा आमट्यांनी 1973 साली सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना तिथे आहे. आत असताना ताप भरला किंवा साप चावला तर वेळ न घालवता तिथे पोहोचायचं, हे जातानाच मनाशी पक्कं करून ठेवा.

गाव पहाटे चारला उठतं. कोरा चहा घ्यायचा, फडक्यात भाकर-भात बांधायचा की बायका आणि पोरं जंगलात. चहा कोराच असतो, कारण जुन्या रीतीप्रमाणे गाईचं दूध वासराचं, ते काढायचं नाही. दहा-अकराच्या सुमारास डोक्यावर पानांचे भारे घेऊन सगळे परततात आणि अंगणातल्या मांडवाखाली पुडे बांधणं सुरू होतं. ज्यांच्या घरी मी जेवायचो त्या आजींजवळ दुपारभर बसलो. देठ जुळवून, पान पानावर ठेवत त्या सत्तर पानांची चवड करायच्या आणि सालीच्या दोरीने आवळून बांधायच्या. तोंडाने आकडा एकदाही नाही, बोटंच मोजत होती. मी बांधलेला पहिला पुडा त्यांनी सोडला, मोजला, त्यात चार पानं घातली आणि परत बांधून माझ्या हातात दिला. पानं कमी भरली तर फळीवर पुडा बाजूला काढतात, म्हणजे त्या घराची मजुरी बुडते.

फळी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. संध्याकाळी सगळ्या घरांचे पुडे तिथे रांगांनी मांडतात, मोजतात आणि वाळायला ठेवतात. हजार पुड्यांची एक गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. ठेकेदाराचा मुन्शी त्याच्या वहीत लिहितो आणि ग्रामसभेची दोन पोरं त्याच्या शेजारी उभी राहून आपल्या वहीत. रोज रात्री दोन्ही वह्या ताडून बघतात. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही दुसरी वही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा. त्यांच्या आधारे आता ग्रामसभा स्वतः पत्ता विकते. मजुरी शेकडा पुड्यांवर मिळते आणि विक्रीच्या रकमेतून रॉयल्टी मागाहून वाटली जाते. पण मागे एका ठेकेदाराने पत्ता उचलून नेला आणि उरलेल्या पैशांसाठी गावाला दोन वर्षं हेलपाटे घालायला लावले. तेव्हापासून अट अशी, की आधी रक्कम जमा होईल, मगच गोणी हलेल. अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यांपासून बारावी झालेल्या पोरांपर्यंत ही अट सगळ्यांना तोंडपाठ आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ढग भरून आले. सगळं गाव फळीवर धावलं. "पाणी आलं तं पत्ता काळा पडते भाऊ," एक पोरगा पळता पळता म्हणाला. पाच-दहा मिनिटं शिंतोडे पडले आणि ढग पांगले, पण रात्री उशिरापर्यंत कोणी झोपलं नाही.

धानाची गोष्ट वेगळी. बांधीत पावसाच्या भरवशावर एकच पीक येतं आणि ते बहुतेक घरी खायलाच लागतं. थोडं उरलं तर विकायचं. सरकारी आधारभूत भाव 2025-26 साठी साधारण धानाला क्विंटलमागे 2,369 रुपये होता, पण त्यासाठी कागदपत्रं, नोंदणी आणि केंद्रापर्यंतची गाडी लागते. ते जमलं नाही की दारात आलेल्या व्यापाऱ्याला स्वस्तात द्यावं लागतं.

खरी शिल्लक घरात कोपऱ्यातल्या कणगीत असते, ती मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचलेली फुलं वाळून मनुक्यासारखी तपकिरी होतात. कुठल्या घराने कुठलं झाड वेचायचं हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं आहे, त्यावरून भांडण ऐकलं नाही. मीठ-तेल लागलं की पायली-दोन पायली मोह बाजाराला जातो. हाच मोह एप्रिलमध्ये पडत्या भावात विकला आणि पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून चढ्या भावात परत घेतला, असं ज्यांच्यावर ओढवतं त्यांचं वर्षच अवघड जातं. गावाला पैसा देण्यापेक्षा कोरडी, उंदीर न लागणारी साठवणीची खोली बांधून दिली तर जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत झालं.

जाणार असाल तर आधी कोणामार्फत तरी ग्रामसभेला निरोप द्या. मला गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, झोपायला जागा मिळाली, पण तो गावाचा मान आहे, तो हक्क समजून बसू नका. तांदूळ, डाळ, तेल सोबत न्या आणि ज्या घरी जेवाल तिथे द्या. पोरांना चॉकलेटं वाटू नका. भेटल्यावर "जोहार" म्हणा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, देवाच्या जागेचा तर विचारूही नका. मच्छरदाणी हवीच, या भागातला मलेरिया जिवावर बेततो. पाणी उकळून प्या. पावसाळ्यात मात्र हा बेत करू नका. पर्लकोटा नदीला पूर चढला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तुमच्यासाठी गावाला धावपळ करावी लागेल.

निघताना ग्रामसभेच्या त्या वहीवाल्या पोरांनी एक काम सांगितलं. गावाला आता बांबूही स्वतः विकायचा आहे. "मेंढ्याला जाऊन विचारा, टीपी कशी भरतात." टीपी म्हणजे वाहतूक परवाना. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर हे गाव लागतं. मी एक दिवस वाढवून गेलो. जे कळलं ते दोन पानांवर लिहून काढलं आणि गडचिरोलीच्या स्टँडवर भामरागडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं. भामरागडच्या चहाच्या टपरीवर पाकीट ठेवायचं ठरलं होतं. बाजाराच्या दिवशी पोरं घेऊन जातील.