पाहुण्यांचा मिटणारा पलंग, नोंद ३: आधी भिंत, मग हार्डवेअर

सांगाडा उभा आहे, पलंग पिनांवर फिरतोय, गॅस स्ट्रट (पलंग उचलायला जोर देणाऱ्या गॅसच्या नळ्या) लागलेत. लॅमिनेट, कडी आणि पाय बाकी आहेत. एकदा लॅमिनेट चढलं की आतलं काहीच दिसणार नाही, म्हणून काय ठरवलं आणि का ठरवलं हे आत्ताच लिहून ठेवते.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ठाण्यातला फ्लॅट, जादाची खोली ८ फूट बाय १० फूट. एरवी इथे माझं सुतारकामाचं टेबल असतं आणि मुलीचा अभ्यास चालतो. पाहुणे येतात ते गणपतीत, मे महिन्यात, किंवा कुणाचं मुंबईत डॉक्टरांकडे काम निघालं की. त्यात नेहमीच्या म्हणजे आमच्या आत्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, त्यामुळे जमिनीवर गादी घालणं बादच. पलंगाची उंची गादीसकट साडेसतरा-अठरा इंच हवी, त्याहून खाली बसलं की उठताना त्यांना हात द्यावा लागतो. पूर्ण पलंगाचं माप या एका आकड्यावरून निघालंय.

बाकीचे पर्याय का गेले ते भराभर सांगते. बॉक्स दिवाण मजबूत असतो आणि खाली सामानही मावतं, पण वर्षभर १८ चौरस फूट जमीन खातो. फोल्डिंग खाट स्वस्त, पण वर्षभरात मध्यभागी झोळ येतो आणि मिटून ठेवायची ती बाल्कनीत, म्हणजे पावसाळ्यात गंज. हवेची गादी रात्री थंडावा आला की सैल पडते, आणि तिच्या मऊ कडेवरून उठणं म्हाताऱ्या माणसाला फार अवघड जातं. सोफा-कम-बेड हॉलमध्ये शोभतो. त्याच्या मधल्या सांध्याची पट्टी पाठीला लागते, आणि ज्यावर दिवसभर बसतो तोच फोम रात्री झोपायला, हे मला पटत नाही. बसायचा फोम आणि झोपायचा फोम यांची कामं वेगळी.

उरला भिंतीत मिटणारा पलंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत विल्यम मर्फी यांनी एका खोलीच्या घरासाठी तो लोकप्रिय केला, म्हणून जगभर तो मर्फी बेड या नावानेच ओळखला जातो. आपल्याकडे तयार किट मिळतं ते बहुतेक उभ्या पद्धतीचं, म्हणजे डोक्याकडची बाजू भिंतीला आणि पलंग लांबीत खाली येतो. माझ्या खोलीत तो उघडला तर भिंतीपासून सव्वासात फूट पुढे येतो. खोलीची रुंदी ८ फूट. दारच उघडणार नाही. म्हणून आडवा: लांब बाजू भिंतीला समांतर, बिजागरी लांबीच्या कडेला. उघडल्यावर तो भिंतीपासून पावणेचार फूट पुढे येतो आणि सव्वाचार फूट चालायला उरतात. मिटल्यावर पेटी फक्त १२ इंच खोल आणि ४६ इंच उंच, त्यामुळे वरची भिंत फळ्यांना मोकळी. आडव्या पलंगात दोघं झोपवायचे तर रुंदी वाढते आणि पेटी तेवढीच उंच होते, म्हणून मी एकाच माणसाचा ठेवलाय. गादी ७५ बाय ३६, जाडी ५ इंच. पिनांच्या खाली पेटीत जी जागा उरते तिथे तीन घड्यांची पातळ गादी बसते. नातवंडं आली की ती जमिनीवर.

आता खरा मुद्दा. बहुतेक जण आधी हार्डवेअर निवडतात, मग पलंग, मग गादी आणि शेवटी भिंत बघतात. क्रम नेमका उलटा हवा असं माझं ठाम मत आहे. कोण झोपणार, त्यावरून गादी. गादीवरून वजन. वजन कुठे टांगणार, म्हणजे भिंत. स्ट्रट सगळ्यात शेवटी.

भिंतीचं सविस्तर लिहिते, कारण धोका तिथेच आहे. २०२२ साली अमेरिकेत एका कंपनीचे सव्वा लाखाहून जास्त भिंत-पलंग परत मागवले गेले. भिंतीला नीट न बांधलेला पलंग सुटून अंगावर कोसळत होता आणि एका ज्येष्ठ महिलेचा त्यात जीव गेला. पलंग चांगला असून भागत नाही, तो कशाला धरलाय ते बघावं लागतं.

आपल्या नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा ४ इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. वजनाला हलक्या, विटेपेक्षा कितीतरी कमी. मायवान पद्धतीच्या (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) इमारतीत मात्र सगळी भिंत काँक्रीटची असते, मग काळजी नाही. कुठली आहे ते ड्रिलच सांगतं. ६ मिमीचं बिट लावा, हॅमर बंद ठेवा. बिट लोण्यात घुसल्यासारखं आत गेलं आणि पांढरट-करडी भुकटी पडली तर एएसी. लाल भुगा आला तर वीट. बिट नुसतं किंचाळलं, पुढे गेलंच नाही आणि हॅमर लावल्यावर करडी खडबडीत पूड आली तर काँक्रीट. माझ्या भिंतीत डाव्या टोकाला कॉलम निघाला, उरलेला भाग एएसी.

प्लॅस्टिकचा प्लग आणि स्क्रू एएसीत पहिल्या दिवशी घट्ट वाटतो. पण पलंग उघडताना आणि मिटताना दर वेळी ओढा बसतो, भोक हळूहळू चुरत जातं. ढोबळ हिशेब असा: पलंग खाली येतोय, पाय अजून टेकलेले नाहीत आणि कुणी पन्नास किलोचा माणूस कडेवर रेलला, तर पेटीच्या वरच्या कडेला साधारण ६० किलोची ओढ बसते. म्हणून डावीकडे कॉलममध्ये एम-१० चे (१० मिमी जाडीचे) दोन अँकर फास्टनर. उजवीकडे एएसीमधून आरपार एम-१० चा थ्रेडेड रॉड (आटे असलेली सळई), पलीकडे ४ बाय ४ इंचाची ५ मिमी लोखंडी प्लेट आणि नट. पलीकडच्या खोलीत तिथे कपाट आहे, प्लेट त्याच्या मागे लपली. एएसीला आरपार आणि रुंद प्लेट, याहून भरवशाचं मला काही सापडलं नाही.

पेटी भिंतीला टेकवण्याआधी ओळंबा सोडून बघा. प्लास्टर वर-खाली दोन-तीन सूत बाहेर असणं अगदी नेहमीचं. पेटी तिरकी बसली तर दोन पिना एका रेषेत राहत नाहीत आणि पलंग मिटताना एका बाजूला घासतो. मी मागे लाकडी पॅकिंग देऊन पेटी ओळंब्यात आणली, त्यामुळे भिंत आणि पेटी यांत एक इंच फट राहिली. ती मुद्दामच तशी ठेवलीय. पाठीला प्लाय लावलेलाच नाही. बंद पेटीत गादी आणि तिच्यामागे ओल धरणारी भिंत, म्हणजे ऑगस्टपर्यंत बुरशी. पेटीच्या खालच्या फळीलाही भोकं पाडली आहेत, हवा खालून येते आणि वरून निघते.

प्लायबद्दल: पेटी १८ मिमी, आयएस ७१० ची, म्हणजे ओलाव्यात टिकणारी मरीन प्लाय. पलंगाचा तळ मात्र १२ मिमी, खाली दोन आडव्या पट्ट्या. अख्खी ८ बाय ४ ची १८ मिमी शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते, त्यामुळे जे रोज उचलायचं त्यात जाडी वाढवणं म्हणजे विनाकारण ओझं. कडेच्या फळ्या ६ इंची, कोपऱ्यांत गुण्या लावून डोव्हेल (लाकडी खुंट्या) आणि फेविकॉल. उघड्या कडांना सागवानी पट्टी, रंध्याने सपाट केलेली.

आता स्ट्रट. बाजारात याला सरसकट हायड्रॉलिक म्हणतात, पण आत दाबलेला नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. ते तेल सीलवर राहावं म्हणून पलंग मिटलेला असताना बारीक दांडी खाली आणि जाड नळी वर यायला हवी. पलंग बहुतेक काळ मिटलेलाच असतो, म्हणून ती स्थिती बघायची. उलटं बसवलं तर सील लवकर सुकतं.

माझं वजन: पलंग ३१ किलो, ४० डेन्सिटीची फोमची गादी ९ किलो, एकूण ४०. बिजागरी एका कडेला असल्याने समोरची कड उचलायला यातलं निम्मं, म्हणजे २० किलो लागतं. आत्यांना काय, मलाही रोज जमणार नाही. बिजागरीपासून वजनाचा मध्य ०.४८ मीटरवर, म्हणून पिनेभोवती जोर साधारण १८८ न्यूटन-मीटर. पलंग आडवा असताना माझ्या स्ट्रटचं पिनेपासूनचं लंब अंतर १५ सेमी येतं. ५०० न्यूटनचे दोन लावले तर १५० न्यूटन-मीटर. उरलेल्या ३८ साठी कडेला चार किलोचा जोर पुरतो. बॅगा तोलायचा काटा कडेला अडकवून ओढला, चारच्या अलीकडे-पलीकडेच थांबला. ६०० न्यूटनचे लावले असते तर हिशेबाने जवळपास शून्य उरलं असतं, आणि तसं मला नको होतं. झोपलेला माणूस उठला की पलंगाने जागेवर पडून राहायला हवं.

आणि हे नक्की लक्षात ठेवा: गादी काढली की हिशेब उलटतो. नुसत्या ३१ किलोंचा जोर १४६ येतो आणि स्ट्रटचा १५०. पलंग आपोआप वर निघतो. गादी उन्हात टाकायला काढायची असेल तर आधी कडेवर वजन ठेवा, मगच गादीला हात लावा. स्ट्रटसुद्धा गादी घालून झाल्यावरच बसवा.

पलंग मिटलेला असताना स्ट्रटची रेघ पिनेच्या अगदी जवळून जाईल अशी भोकं घेतली आहेत. त्यामुळे उघडताना सुरुवातीची ओढ हलकी लागते. ही भोकं मी आधी पुठ्ठ्यावर, मापात छोट्या करून काढलेल्या आकृतीत टाचण्या लावून ठरवली. ज्यांना कॅड (कॉम्प्युटरवर आराखडा काढणं) येत नाही त्यांनी हेच करावं. पुठ्ठा फिरवताना कुठे काय अडतं ते लगेच कळतं.

पुढचं काम कडीचं. मुलं ओढून पलंग उघडू शकतील अशी चुंबकाची पकड मला नको. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या सोडाव्या लागतील अशा स्प्रिंगच्या कड्या बसवतेय, ४० इंचांवर. पाय लोखंडी चौकोनी पाइपचे, पलंग खाली येताना स्वतःच्या वजनाने सुटणारे. तोपर्यंत चाचणीला कडेखाली दोन लाकडी ठोकळे आहेत. लॅमिनेट लागल्यावर पलंगाचं वजन अडीच-तीन किलोंनी वाढेल, तेव्हा काटा पुन्हा लावून नवे आकडे पुढच्या नोंदीत देईन.