काकूंची मारुती कबाड्याकडून परत आणली

शनिवार, रात्री उशिरा

आज काकूंची मारुती नागपुरात कामठी रोडच्या कबाड्याकडून उचलून आणली. कंपाउंडमध्ये उभी आहे आता. दोन चाकांत हवा नाही, समोरचा बंपर निघून मागच्या सीटवर पडला आहे, बॅटरी त्यांनी आधीच काढून विकून टाकली होती, आणि तरी मला इतकं बरं वाटून राहिलं की झोपच येत नाहीये म्हणून लिहायला बसली.

काकू म्हणजे माझ्या माहेरच्या शेजारच्या. शाळेत गणित शिकवायच्या. १९९७ ची पांढरी एट हंड्रेड, एमएच ३१ नंबर, गाडी पहिल्या दिवसापासून काकूंच्या नावावर, काकांच्या नाही. काका स्कूटरच चालवायचे. आमच्या गल्लीत तेव्हा बाईने गाडी चालवणं म्हणजे लोक गेटवर येऊन पाहायचे, आणि काकू साडीचा पदर खोचून, थंड इंजिनसाठी चोक ओढून, सकाळी सातच्या शाळेला निघायच्या. मी बारावीच्या सुट्टीत त्याच गाडीवर शिकली. अंबाझरीच्या रस्त्यावर पहाटे पहाटे, काकू बाजूच्या सीटवर, आणि एकदाही ओरडल्या नाहीत. क्लच इतका हलका होता की माझ्यासारख्या काडीएवढ्या पोरीचाही पाय दुखायचा नाही. किती बायका ह्या एका गाडीवर शिकल्या असतील ह्या देशात कोण जाणे, पण मला खात्री आहे की आधीच्या जड गाड्यांवर त्यातल्या अर्ध्याही शिकल्या नसत्या.

मग २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरात घुसलं, आणि आमच्या त्या भागात तर सीटपर्यंत पाणी होतं गाडीत. त्या आठवड्यात गल्लीत चांगल्या चांगल्या नव्या गाड्या लोकांनी क्रेनने नेताना पाहिल्या. विम्याचा नियमच असा आहे की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात. आणि नव्या गाडीत पाणी शिरलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाते, सेन्सर जातात, वायरिंगचं पूर्ण जाळं बदलावं लागते, तो आकडा गाठायला वेळ लागत नाही. काकूंच्या गाडीत ह्यातलं काहीच नव्हतं. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, इंजिनच्याच कॅमवर चालणारा साधा पेट्रोल पंप, झालं. एअर फिल्टर इंजिनच्या वर बसतो, तिथपर्यंत पाणी गेलंच नव्हतं. बाबांनी तेव्हा एक काम फार मोठं केलं, कोणालाही चावी फिरवू दिली नाही, आणि पाणी उतरल्यावर स्वतः गाडीखाली झोपून इंजिनचं ऑइल काढून नवीन टाकलं. पण स्टार्टर गेला होता, सीटा सडल्या होत्या, घराचंच इतकं नुकसान झालेलं की काकूंनी गाडीवर कव्हर टाकलं आणि ती तशीच राहिली.

ह्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि विकून मोकळा झाला. त्याला मी दोष देत नाही. त्याला कोणीतरी मेसेज पाठवला होता की पंधरा वर्षांवरच्या गाड्या आता बंद. तो नियम दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरचा आहे, तिथे पेट्रोलला १५ वर्षं आणि डिझेलला १०. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडी दाखवून दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवता येते. काकूंनी २०१२ ला वाढवलं, २०१७ ला वाढवलं, २०२२ ला पण वाढवलं, म्हणजे आरसी, रजिस्ट्रेशनचा कागद, २०२७ पर्यंत जिवंत आहे! फक्त ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारची ती फी ५,००० ची १०,००० झाली, ते वाचून तो घाबरला असेल, की ज्या गाडीचे किलोवर पैसे मिळून राहिले तिच्यावर दहा हजार कोण भरते.

मला हे आईने फोनवर सहज सांगितलं, भाजीचे भाव सांगता सांगता. मी हातातलं काम तसंच टाकून निघाली.

कबाड्याकडे गाडी तोडायचा एक क्रम असतो. आधी बॅटरी, मग टायर, मग रेडिएटर, मग इंजिन खाली उतरवून त्याचं ॲल्युमिनियम वेगळं, आणि शेवटी पत्रा गॅस कटरने. काकूंची गाडी बॅटरीपर्यंतच आली होती. तिच्या बाजूला एका व्हॅनचं फक्त छप्पर आणि खांब उरले होते. म्हातारे चाचा बसले होते काट्याजवळ, मी म्हटलं चाचा ही गाडी मला पाहिजे, तर म्हणाले, "कौनसा पार्ट?" मी म्हटलं पूर्ण. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पोराला म्हणाले, "कटर रख दे बे." भाव किलोचाच लावला, साडेसहाशे किलोच्या आसपास भरते ही गाडी, वरून थोडे त्यांच्या नफ्याचे. बॅटरीचे पैसे वजा केले त्यांनी स्वतःहून, मी मागितले नव्हते.

टोचन करून आणता आली असती पण विमा संपलेला, त्यामुळे छोटा हत्ती केला. रिंग रोडने येताना मी ड्रायव्हरच्या बाजूला बसून सारखी मागच्या काचेतून पाहत होती.

रविवार

मिस्त्री आले होते. ह्यांच्या ओळखीचे आहेत, मानेवाड्याकडे गॅरेज आहे, वय साठच्या पुढे, अर्धं आयुष्य एट हंड्रेड आणि ओम्नीत गेलं असं म्हणतात. आधी बॉनेट उघडलंच नाही त्यांनी. आतला कार्पेट उचलला, त्याच्या खालचं नमद्यासारखं जाड अस्तर फाडून काढलं, आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ फ्लोअरवर ठोकत गेले, एकेक वीत. जिथे टणटण वाजलं तिथे पुढे, जिथे भद आवाज आला तिथे खडूने गोल. ड्रायव्हरच्या पायाखाली एक मोठा गोल, मागे डाव्या बाजूला एक. मग गाडीखाली गेले आणि जिथे सस्पेन्शन बॉडीला लागते ती जागा टॉर्चने बराच वेळ पाहिली. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, हाडं ठीक आहेत. मुंबईची असती तर हात लावला नसता." आपल्याकडची कोरडी हवा पत्र्याला बरी. रबर मात्र आपल्या उन्हात टिकत नाही, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, कव्हरखाली उभी राहून राहून दारांच्या बीडिंगा हातात चुरा होऊन राहिल्या, डॅशबोर्डला वरून आरपार तडा.

मग स्पार्क प्लग काढून तिन्ही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि "आज नाही फिरवायचं" म्हणून निघून गेले.

ह्यांच्याशी बोलणं झालं रात्री. भांडण नाही, पण बोलणं. ह्यांचं म्हणणं की एवढ्या खर्चात बरी सेकंडहँड गाडी येते, एसी असलेली, आणि जुन्या गाडीचा धूर जास्त. दोन्ही खरं आहे. सरकारची स्क्रॅप पॉलिसी २०२१ ला आली, तेव्हापासून नागपुरात रोज ऐकतोच आपण त्याबद्दल, आणि जुने ट्रक, जुन्या बसा, काळा धूर सोडत दिवसभर फिरतात त्या मोडल्याच पाहिजेत असं मलाही वाटते. ही गाडी आठवड्यातून बाजार आणि माहेर एवढीच फिरेल, पीयूसीत पास झाली तरच फिरेल. माझा मुद्दा वेगळा आहे. ह्या गाडीला कोणी तपासून भंगार ठरवलंच नव्हतं. कोणी इंजिन फिरवून पाहिलं नाही, कोणी फ्लोअर ठोकून पाहिला नाही, बाजारात भाव नाही एवढ्यावरून ती काट्यावर गेली. तपासून मोडली असती तर मी एक शब्द बोलली नसती.

आणि दुसरं म्हणजे कागद. चाचांचं ते काही सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटर नाही. तिथे गाडी कापली गेली असती आणि आरसी काकूंच्याच नावावर चालू राहिली असती, नंबर रद्द करायला कोणी गेलंच नसतं. उद्या त्या नंबरची पाटी लावून कोणी दुसरी गाडी फिरवली तर पोलीस काकूंच्या दारात. जुनी गाडी कोणालाही देताना लोक हा विचार करत नाहीत, म्हणून लिहून ठेवते. मोडायचीच असेल तर मान्यता असलेल्या सेंटरला द्या आणि सर्टिफिकेट घ्या, पण लक्षात ठेवा की तिथे एकदा मोडल्याची नोंद झाली की ती गाडी परत रस्त्यावर येत नाही.

बुधवार

इंजिन हाताने फिरलं. पुलीच्या नटाला पाना लावून, आधी इंचभर मागे, मग पुढे, मग पूर्ण. जाम नाही!! बाबांना फोन केला तर ते काही बोललेच नाहीत थोडा वेळ, मग म्हणे "ऑइल कोणतं टाकलं विचार."

गुरुवार, शुक्रवार मिळून

गिअर ऑइल कोणी काढलं नव्हतं तेव्हा, ते निघालं ते टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. दोनदा धुऊन नवीन भरलं. स्टार्टर उघडून बुश बदलले. कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून पिवळा चिकट थर झाला होता, सगळे जेट बंद, मिस्त्रींनी ते एकेक करून बारीक तारेने नाही तर हवेने साफ केले, म्हणे तारेने भोक मोठं होते आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. टाकी उतरवली. पेट्रोलचे सगळे पाइप नवीन टाकले कारण आता पंपावर ई-२० मिळते, २० टक्के इथेनॉल, आणि १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. सामान मिळायला त्रास नाही. हेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीत होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे दुकानदार डबा न शोधता हात घालून पार्ट काढते.

मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराला मी पहिल्या मारुतीची गोष्ट सांगितली, त्याला माहीत नव्हती. १४ डिसेंबर १९८३, दिल्लीचे हरपाल सिंग, चावी इंदिरा गांधींच्या हातून. ती गाडी त्यांनी २०१० मध्ये वारेपर्यंत ठेवली, पण त्यांच्यामागे ती घराबाहेर उन्हापावसात सडत उभी होती, देशातली पहिली मारुती! मग कंपनीने तिला पूर्ण नीट करून आपल्या मुख्यालयात ठेवली. पोरगं म्हणालं, म्हणजे चालवत नाही का तिले कोणी? मला हा प्रश्न फार आवडला. त्या पंधरा वर्षांच्या नियमामुळे दिल्लीत चालवताच येत नाही तिला. आमची चालेल.

शनिवार

आज संध्याकाळी सुरू झाली. काकूंना आणायला मी स्वतः गेली होती, ७९ वय आहे, गुडघे दुखतात, पण आल्या. मिस्त्री म्हणाले, मावशी तुम्हीच मारा. काकूंनी आधी गिअर हलवून न्यूट्रल पाहिलं, हँडब्रेक पाहिला, चोक ओढला आणि चावी फिरवली. पहिल्यांदा नुसतं खरखर, दुसऱ्यांदा एक खोकला, तिसऱ्यांदा धरली. सायलेन्सरमधून गंजाची भुकटी आणि पाणी उडालं, शेजारचे सगळे बाहेर आले. काकू चोक हळूहळू आत ढकलत होत्या, कान इंजिनकडे, आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "एक सिलिंडर उशिरा येऊन राहिला का हो?" मिस्त्रींनी प्लगची एक वायर काढून पाहिली. खरंच तिसरा सुस्त होता, वायर खराब निघाली.

मुलाला त्यांनी अजून सांगितलेलं नाही. म्हणाल्या मी सांगीन, तू काही बोलू नको.

काम बरंच बाकी आहे. फ्लोअरला दोन जागी नवीन पत्रा वेल्ड करायचा, मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर आणि ब्रेक शू, चारही टायर, सीटा. ब्रेक झाल्याशिवाय गेटच्या बाहेर काढायची नाही असं ठरलं आहे. थर्ड पार्टी विमा, पीयूसी, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून ती नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी. २०२७ ला दहा हजार लागतील ते आत्तापासून बाजूला टाकून राहिली आहे, हे म्हणाले अर्धे मी देतो. सोमवारी सुट्टी टाकली. गाडी नावावर करायचा फॉर्म २९ आणि ३० चा अर्ज ऑनलाइन भरून झाला की गिरिपेठच्या आरटीओत जाऊन येते, काकू पण येणार आहेत. मी म्हटलं काकू तुम्हाला कशाला त्रास, सही घरीच घेते, तर म्हणे नाही, गाडी विकत नाहीये मी, तुझ्या नावावर करून देते आहे, ते मला तिथल्या माणसाला तोंडाने सांगायचं आहे.