आबा, त्यांचा रंधा आणि बिनदाराचं कपाट

आबा, म्हणजे सुतारकाम करणारे माझे आजोबा, गेले तेव्हा भेटायला आलेला जवळपास प्रत्येक माणूस एकच बोलत होता, जन्मभर घाम गाळला हो माणसाने. अशा वेळी मान डोलवायची असते, मी पण डोलवली. पण आता बरेच दिवस झालेत तर लिहूनच टाकतो. कष्ट केलेच त्यांनी, नाही कोण म्हणतंय, पण मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी भुशात बसून वाढलोय आणि मला आठवणारे आबा घाम गाळताना कमी, धार लावत बसलेले किंवा नुसतेच एखाद्या फळीकडे बघत थांबलेले जास्त आहेत.

सकाळी त्यांचा हात आधी लाकडाला लागायचाच नाही. आधी निसणा, म्हणजे धार लावायचा दगड. त्यावर पाणी शिंपडायचं आणि मग पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्या, एकेक करून, मग रंध्याचं पातं. पात्याची उतरती बाजू दगडावर सपाट टेकवायची आणि हात अजिबात डुलू द्यायचा नाही, डुलला की धार गोल झालीच समजा. 25 ते 30 अंशांचा कोन असतो हे मी नंतर कुठेतरी वाचलं, आबांनी आयुष्यात कोनमापक वापरला नसेल, बोटांनाच कळायचं. मग पातं उलटं करून मागची बाजू एकदम आडवी ठेवून तिकडे आलेला कीस काढायचा. धार जमली का हे बघायला मऊ लाकडाच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे जिथे वर्तुळं दिसतात ना तिथे पटाशी चालवायची, स्वच्छ गुळगुळीत कापलं गेलं तर ठीक, चुरा पडला तर परत दगड. वेळ किती जायचा यात विचारू नका. आम्ही पोरं वैतागायचो, आबा करवत कधी चालवणार. ते म्हणायचे, "बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ते सुटतं आणि हातात घुसतं." बास, एवढंच. लेक्चर देण्याची सवयच नव्हती. त्यांच्या आवडत्या रंध्याचं पातं धार लावून लावून इतकं आखूड झालेलं की नव्या पात्याशेजारी ठेवलं तर निम्मं पण भरत नव्हतं.

आणि दुसरं थांबणं लाकडाचं. हे मला मोठेपणी जास्त कळलं. मागच्या पडवीत सावलीत फळ्या रचलेल्या असायच्या, दोन फळ्यांच्या मध्ये बारीक पट्ट्या, म्हणजे सगळ्या बाजूंनी वारा फिरतो, आणि फळीच्या दोन्ही टोकांना उरलासुरला रंग फासलेला. मला वाटायचं खूण म्हणून लावतात. तर तसं नाही, टोकाकडून ओल पटकन निघून जाते आणि टोक आधी आकसून चिरतं म्हणून ते बंद करायचं. प्रत्येक फळीवर पेन्सिलने ती कधी आणली ते लिहिलेलं. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष असा त्यांचा हिशोब होता, आणि हाताने लाकूड वाळवणारे बहुतेक लोक अजूनही अंदाजाला हाच धरतात. कुणी घाई करायला लागलं, आबा पुढच्या महिन्यात हवंय हो, तर सरळ दुसऱ्याकडे पाठवायचे. मुलगा असो की व्याही.

"झाड तोडलं म्हणून लाकूड हलायचं थांबत नाही," हे मात्र बऱ्याचदा ऐकलंय. लांबीला ते जवळजवळ हलतच नाही पण रुंदीला दमट हवेत फुगतं आणि कोरड्यात आकसतं, त्यातही वर्तुळांच्या कडेकडेने जेवढं आकसतं ते आतून बाहेर आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं, म्हणून तर फळी वाकडी होते. त्यामुळे आबा दाराची मधली फळी चौकटीच्या खोबणीत नुसती बसवायचे, तिला सरस अजिबात लावायचे नाहीत. सरस फक्त चौकटीच्या कुसांना, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकांना. मी एकदा विचारलं की ही फळी खुळखुळते आहे. तर म्हणाले खुळखुळू दे, पावसाळ्यात बोल. आणि खरंच पावसाळ्यात घट्ट.

गल्लीतली अर्धी दारं त्यांच्या हाताखालून गेलेली, पैसे न घेता. पावसाळा सुरू झाला की लोक यायचेच, आबा दार घासतंय. त्यावर ते लगेच रंधा मारायचे नाहीत, आधी बिजागरीचे स्क्रू बघायचे, कारण निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतं, वरची बिजागरी सैल होऊन ते खाली झुकलेलं असतं. रंधा मारून मोकळं झालं की उन्हाळ्यात फट पडते आणि तेच लोक परत येतात (आणि तेव्हा चहा पण विचारत नाहीत, इति आजी). शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना काठी करून दिली तेव्हा त्यांना चपला घालून सरळ उभं केलं, हात खाली सोडायला लावला आणि मनगटाच्या घडीपर्यंतचं माप घेतलं. आधीची विकतची काठी लांब होती, त्यामुळे बाईंचा खांदा वर उचलला जायचा, हे डॉक्टरांच्या आधी आबांनी पाहिलं.

वाचनालयाच्या कपाटांवरून तर मोठा वाद झाला होता. कमिटीला लांबच लांब फळी हवी होती, मध्ये आधार नको, दिसायला छान. आबांनी ऐकलंच नाही. म्हणाले पुस्तकं म्हणजे दगड आहेत, फळी पोटात जाणार. मध्ये उभ्या टेकू फळ्या घातल्या आणि आडव्या फळ्या जाड घेतल्या. पुढे कॉलेजात मी शिकलो की जाडी दुप्पट केली तर तेवढ्याच वजनाला फळीचा बाक आठपट कमी होतो, ते गणित घेऊन मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेलो, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले बरं, ती कानस दे.

आता या सगळ्या गौरवगाथेत आजीची बाजू कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला दार नव्हतं. कित्येक वर्षं. चौकट तयार, बिजागऱ्या आणून ठेवलेल्या, फळी पडवीत वाळतेय, आणि ती वाळली की कुणाच्या तरी शाळेचा बाक मोडायचा आणि ती फळी तिकडे जायची. "अहो, जगाची दारं लागतात, माझीच भांडी तेवढी उघड्यावर," हे वाक्य आमच्या घरात इतकं चालायचं की धाकटी बहीण बोबडं बोलायच्या वयात तेच म्हणायची. आजीचा राग खोटा नव्हता आणि मला आजही वाटतं की ती बरोबर होती. सगळ्यांसाठी झटणाऱ्या माणसाच्या घरचे लोक बऱ्याच वेळा रांगेत शेवटी उभे असतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती रांग दिसत नाही. आबांना ते कळत होतं का? मला वाटतं कळत होतं, कारण आजी ओरडली की ते उत्तर द्यायचे नाहीत, मुकाट उठून तिचा पाट घासायला घ्यायचे, गुळगुळीत असलेला पाट परत पॉलिश पेपरने.

पोरांना मात्र त्यांनी रांगेत ठेवलं नाही. प्रत्येकाला तुकड्यांचा एक ढीग, एक छोटी मोगरी (लाकडी हातोडा), आणि चौकोन जमला का हे तपासायची युक्ती, समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर काटकोन. गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं साधन, नसला तरी चालतं. चुलतबहिणीला ते करवत धरू देतात म्हणून काका एकदा बोलले होते, मुलीच्या जातीला कशाला, तर आबांनी काकांना त्याच दिवशी एक मोठा ओंडका कापायला बसवलं आणि तिला शेजारी उभं राहून रेघ सुटतेय का ते बघायला सांगितलं. सुटत होती. ती दर वेळी सांगायची.

हत्यारांची पेटी तिच्याकडेच गेलीय. माझ्या मते बरोबर गेली, आमच्याकडे ती शोकेसमध्ये बसली असती. परवा फोन केला तर करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवत बसली होती, ते सरळ झाले की पातं लाकडात अडकतं, म्हणाली आत्ता नको, नंतर बोलू, एक दात तुटलाय. आजीच्या कपाटाचं माप घेऊन ठेवलंय म्हणे तिने. फळी अजून ओली आहे.