लुडविगच्या वाटणीचं थालीपीठ

"मावशी, एक वाजता लुडविगपाशी भेट," असा भाच्याचा निरोप आला, तेव्हा मला वाटलं की हा त्याचा कुणी जर्मन मित्र असणार. म्हणून डब्यात एक थालीपीठ जास्तीचं घातलं. परक्या देशातलं पोर, आपल्याकडचं काही खाऊन बघेल.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या स्टेशनवर उतरले, चढ चढत, धापा टाकत विद्यापीठाच्या स्प्राउल प्लाझात पोचले. भाचा एका कारंज्याच्या कठड्यावर एकटाच बसला होता. मीही टेकले. घाम पुसून विचारलं, "लुडविग कुठंय?"

"तू त्याच्यावरच बसलीयेस."

कारंज्याचं नाव लुडविग! आणि ज्याच्यावरून ते पडलं तो लुडविग म्हणजे एक कुत्रा. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीचा, शिकारी कुळातला. पूर्ण नाव लुडविग व्हॉन श्वारेनबर्ग. एवढं नाव आमच्या कॉलेजच्या हजेरीपटाच्या रकान्यात मावलं नसतं.

१९६० च्या सुमारास हा चौक नवा होता, कारंजंही नवं. लुडविगला ते फार आवडलं. रोज यायचा, पाण्यात बसायचा, मुलांच्या डब्यातलं मिळेल ते खायचा आणि दिवस संपला की आपल्या घरी जायचा. शिकारी कुत्र्यानं शिकार सोडून हौदात बसावं, यावर त्याच्या पूर्वजांचं काय म्हणणं असेल कोण जाणे. पण मुलांना तो इतका आपला वाटू लागला की १९६१ मध्ये विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे सगळ्यात वरच्या कारभारी मंडळानं, कारंज्याला रीतसर त्याचं नाव दिलं.

रीतसर! मी इथंच अडकले. कॉलेजच्या ऑफिसात नोकरीभर मी सभांची इतिवृत्तं लिहिली. 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव एकमताने मंजूर.' एका जिन्याला कुणाचं नाव द्यायचं यावर आमच्याकडे चार बैठका झाल्या होत्या आणि शेवटी जिना बिननावाचाच राहिला. कुत्र्याच्या नावाचा ठराव मी कसा लिहिला असता? 'सदर कुत्रा संस्थेत नियमित उपस्थित असतो, सबब...'

आणि हे सगळं लुडविगच्या हयातीत. आपल्याकडे नाव कोरायचं तर माणसाच्या आधी 'कै.' लागतं, नाहीतर पैसे तरी. देवळातल्या पंख्यावर नाव, बाकावर नाव, पाणपोईवर 'यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. लुडविगनं एक छदाम दिला नाही. तो फक्त रोज आला.

कारंजंही त्याला शोभेल असंच आहे. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनवर कशी रोमन देवता उभी आहे, खाली कोरीव मूर्ती आहेत, तसला थाट इथं नाही. गोल उथळ हौद, बसण्याजोगा कठडा आणि मधोमध पाण्याची धार. कुत्र्याचा पुतळाही नाही. त्यामुळे हार घालायला जागा नाही आणि जयंतीला कुणी अडत नाही. लोक येतात, बसतात, डबा खातात. लुडविग तरी दुसरं काय करत होता?

मग भाच्यानं चौक दाखवला. समोरच्या मोठ्या इमारतीला विद्यापीठाचे माजी अध्यक्ष रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल यांचं नाव आहे. तिच्या पायऱ्यांना मात्र भाषणस्वातंत्र्याच्या चळवळीतल्या मारिओ सॅव्हिओ या विद्यार्थ्याचं. १९६४ च्या ऑक्टोबरात याच चौकात पोलिसांनी एका कार्यकर्त्याला पकडून गाडीत बसवलं आणि मुलं गाडीभोवती बसली. गाडी ३२ तास जागची हलली नाही. मुलं एकेक करून तिच्या टपावर चढून भाषणं करत होती. सॅव्हिओही चढला, आणि चढण्याआधी त्यानं बूट काढले, टपाला पोचे पडू नयेत म्हणून! हे ऐकून मला त्या पोराबद्दल एकदम माया वाटली. विद्यापीठाशी भांडायला निघालाय, पण चपला बाहेर. डिसेंबरात त्यानं याच पायऱ्यांवरून भाषण केलं, मुलं इमारतीत शिरली आणि जवळजवळ आठशे जणांना अटक झाली. तो गेला १९९६ मध्ये. पुढच्या वर्षी पायऱ्यांना त्याचं नाव दिलं.

पंढरपूरला नामदेवांनी पायरीच मागून घेतली होती, येणाऱ्याजाणाऱ्या संतांचे पाय लागावेत म्हणून. सॅव्हिओनं मागितली नव्हती, पण पाय त्याच्याही पायरीला दिवसभर लागतात.

त्या चळवळीचं स्मारक याच चौकात जमिनीत आहे. दगडी कड्याच्या मधोमध सहा इंचांचं मातीचं वर्तुळ, आणि कड्यावर कोरलंय की ही माती आणि तिच्यावरचं आकाश कुठल्याच राष्ट्राचं नाही. चळवळीचं नाव मात्र त्यावर कुठंच नाही. मी चप्पल काढून अंगठा टेकवून आले. व्हिसा लागला नाही.

एवढ्या गदारोळात लुडविग काय करत होता, हे मला राहून राहून वाटत राहिलं. कारण तो तोवर बर्कलीतच होता. १९६५ मध्ये घरचे अलमेडा गावी राहायला गेले आणि त्याचं येणं थांबलं. म्हणजे ज्या शरदात सगळी मुलं घसा फोडून बोलत होती, त्या शरदात या हौदावर त्यांचा हा जुना गडी होता. घोषणा देणाऱ्यांपैकी कुणीतरी त्याला सँडविचचा तुकडा टाकलाच असेल. बोलण्याचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांनासुद्धा एका न बोलणाऱ्याची गरज पडत असावी.

गप्पांत दोन वाजले. डबा उघडला. भाच्यानं दोन थालीपीठं संपवली आणि तिसऱ्याला हात घातला.

"अरे, ते लुडविगचं."

"तो कुठे येतोय आता," म्हणून त्यानं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि थांबला. "कोरडंच? मावशी, लोणी नाही आणलंस?"

नामदेवांची भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले होते, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मी मात्र स्टेशनावरून तो चढ चढून आले होते. कठड्यावरून उठायची माझी तयारी नव्हती.

"पाणी पी," म्हटलं.