उलटा हिसका देणारी दोरी

मे महिना संपत आला की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये गवत कापण्याची यंत्रे येऊ लागतात, कारण मृगाचा पाऊस पडल्यावर बंगल्यांमधील लॉन कोणासाठी थांबत नाही. बहुतेक यंत्रांचे दुखणे एकच असते. टाकीत महिनोन् महिने राहिलेले पेट्रोल शिळे होते, त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा, बारीक छिद्राचा जेट चिकट थराने बुजतो. जेट साफ करून ताजे पेट्रोल भरले, ऑइल व प्लग बदलला आणि पात्याला धार लावली की काम होते.

ताराबाई पार्कातील एका बंगल्याच्या माळीमामांनी आणलेले यंत्र मात्र या सगळ्यानंतरही चालू होईना. मामा म्हणाले, "मिस्त्री, दोरी वढली की उलटा हिसका मारतंय बघा. एखाद्या दिवशी बोटं जायची." मी स्वतः इंजिन सुरू करायची दोरी ओढली तेव्हा मनगटापर्यंत झणका गेला. पिस्टन वर पोहोचण्याच्या फार आधी ठिणगी पडत असली, की इंजिन असे मागे फिरते. या इंजिनात ठिणगीची वेळ ठरवणारे लोहचुंबक फ्लायव्हीलवर, म्हणजे पाते फिरवणाऱ्या शाफ्टवरच बसवलेल्या जड चाकावर, असते. म्हणून फ्लायव्हील शाफ्टवर जागचे हलले असणार, असा संशय आला आणि पाते कशावर आपटले होते का, असे मी विचारले. "दिवाळीच्या आदी कारंज्याच्या कडंला फरशीवर बसलं, तितंच बंद पडलं. मग ठेवूनच दिलं."

ओढून काढायचा पुलर लावून फ्लायव्हील काढले, तेव्हा त्याची चावी, म्हणजे त्याला शाफ्टवर जागच्या जागी धरणारी धातूची छोटी पट्टी, निम्मी कापली गेलेली दिसली. पाते अडल्यावर शाफ्ट जागीच थांबला होता, पण जड फ्लायव्हील आपल्या वेगाने थोडे पुढे सरकले होते, म्हणूनच ठिणगी लवकर पडत होती. मालकांनी फोनवर पोलादी चावी बसवायला सांगितले. समोरच्या लेथवर ती लगेच करून मिळाली असती, तरीही मी ठाम नकार दिला. ही चावी मऊ धातूची ठेवतात ती धक्क्याने तीच कापली जावी आणि महागडा शाफ्ट वाचावा म्हणून. बारीकसा वाकही दाखवणारा डायल गेज लावून शाफ्ट तपासला. तो सरळ होता, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण शाफ्ट वाकला असता तर खर्च मामांच्या माथी मारला गेला असता.

मूळ मापाची नवी चावी बसवली. प्लगची वायर काढलेलीच ठेवून आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असे यंत्र कलते करून पाते उतरवले, दोन्ही टोकांना सारखी धार दिली, खिळ्यावर टांगून तोल पाहिला. जड बाजू थोडी घासावी लागली. त्यानंतर दोरी मामांनीच ओढली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. पहिल्या कापणीला पाते सर्वांत वरच्या खाचेत ठेवा, गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नका आणि कारंज्याच्या कडेचे गवत कात्रीनेच काढा, असे सांगून मी यंत्र त्यांच्या टेम्पोत चढवून दिले.