कर्ज फिटलं, पण मूळ करारनामा येईना

आमचं गृहकर्ज मुदतीच्या बरंच आधी, २०२५ च्या सुरुवातीला फिटलं. शेवटचा पैसा भरल्यापासून घराचा शेवटचा कागद हातात पडेपर्यंत बँकेने जो मनस्ताप दिला, त्याचा राग अजून गेलेला नाही. त्याच रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी फेडण्याबद्दल थोडक्यात. २०१४ साली नाशिकरोडला रिसेलचा फ्लॅट घेतला. २० लाख कर्ज, २० वर्षं मुदत, व्याज दहा टक्क्यांच्या आसपास. हप्ता साधारण १९,३०० रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात १६,६६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं जेमतेम २,६०० रुपये. नवऱ्याने एका रात्री हे कागदावर मांडलं तेव्हा आम्ही दोघं गप्पच झालो. याच हिशोबाने अगदी सुरुवातीला १ लाख जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे ३३ हप्ते कमी होतात, म्हणजे भरलेला १ लाख वजा जाता पाच लाखांहून जास्त वाचतात. त्या रात्री ठरलं की बोनस, महागाई भत्त्याचा फरक, एलआयसीची मुदत संपलेली पॉलिसी, जे काही हातात येईल ते कर्जात घालायचं.

गृहकर्जाच्या आधी मात्र किरकोळ देणी संपवली. क्रेडिट कार्डचं पहिलं, कारण महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के झाले, तिथे दुसरा विचारच नाही. मग सोनेतारण. व्याजाच्या हिशोबाने नवऱ्याच्या पतसंस्थेचं कर्ज आधी फेडायला हवं होतं, पण तारण ठेवलेल्या पाटल्या सासूबाईंच्या होत्या. त्यांनी घराच्या पहिल्या भरण्यासाठी त्या हातातून काढून दिल्या होत्या. त्या आधी घरी आल्या पाहिजेत यावर आम्हा दोघांचं एकमत होतं, आणि आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो. पतसंस्थेचं नंतर फिटलं, नवऱ्याचे दोन्ही जामीनदार मोकळे झाले. मुलीने दहावीच्या सुट्टीत सहलीचा हट्ट स्वतःहून सोडला, हेही लिहून ठेवते.

जादा रक्कम भरताना दर वेळी अर्जावर ‘मुदत कमी करावी, हप्ता तोच ठेवावा’ असं स्पष्ट लिहा. न लिहिल्यास काही ठिकाणी हप्ता कमी करतात आणि मुदत तेवढीच राहते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच तशी मनाई केली आहे. स्थिर दराचं कर्ज असेल तर करारातल्या अटी वाचा.

‘कर्ज फेडू नका, टॅक्समधली सूट जाईल’ असं ऑफिसात निदान चार जणांनी ऐकवलं. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, हे खरं आहे. पण २० टक्क्यांच्या टप्प्यात १०० रुपये व्याज भरून उपकरासह २१ रुपयांच्या आत वाचतात. उरलेले बँकेला जातातच.

आता कागदांचं.

शेवटची रक्कम भरण्याआधी शाखेतून कर्ज बंद करण्याचं हिशोबपत्र घेतलं. त्यात ठरावीक तारखेपर्यंतचं व्याज धरलेलं असतं, ती तारीख उलटली की आकडा बदलतो. त्याच दिवशी आरटीजीएस केलं. ‘येणे बाकी नाही’चं पत्रही वेळेत आलं. मग सांगण्यात आलं की मूळ कागद मुंबईच्या मध्यवर्ती गोदामात आहेत, मागवून घेतो, थांबा.

बँकेचा फोन महिना भरत आला तेव्हा आला. आम्ही दोघं कर्जदार, म्हणून दोघांनी रजा टाकून जायचं. पाकीट उघडलं. आमचा करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा ‘इंडेक्स टू’ उतारा), सोसायटीचं भागप्रमाणपत्र, सगळं होतं. नव्हता तो २००६ चा पहिला करारनामा, बिल्डर आणि आमच्या आधीच्या मालकांमधला. रिसेलच्या घरात हा कागद म्हणजे मालकीच्या साखळीतली पहिली कडी. पुढे घर विकायचं म्हटलं तर घेणाऱ्याचा वकील पहिल्यांदा तोच मागणार.

काउंटरवरचे साहेब म्हणाले, “मॅडम, तो आमच्याकडे आलाच नसेल. तुम्ही पोचपावतीवर सही करा, बाकीचं बघू.” पोचपावतीवर छापलेलं होतं : सर्व मूळ कागदपत्रे मिळाली, कोणतीही तक्रार नाही.

मी सही केली नाही. २०१४ ला कागद जमा करताना बँकेने दिलेली यादी माझ्या फाइलमध्ये होती, शाखेच्या शिक्क्यासह, आणि त्यात तो करारनामा मूळ प्रत म्हणून नोंदलेला होता. बँकेत या यादीला एलओडी म्हणतात. ती समोर ठेवल्यावर आवाज बदलला, पण उत्तर बदललं नाही. सिस्टीम अर्धवट पोच घेत नाही, असं ऐकवलं. शेवटी मी पावतीवर हाताने लिहिलं, ‘यादीतील २००६ चा मूळ करारनामा मिळाला नाही’, त्याखाली आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि शिक्का मारलेली झेरॉक्स हातात येईपर्यंत खुर्ची सोडली नाही. त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहिलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर जे मिळालं नाही ते पावतीवर लिहिल्याशिवाय सही करू नका, मागे कितीही मोठी रांग असू दे.

त्यानंतर नुसती टोलवाटोलवी. शाखा म्हणे गोदामाला विचारा, गोदामाचा नंबर कोणी देईना, ग्राहक सेवेच्या फोनवर दर वेळी नवीन माणूस आणि नवीन तक्रार क्रमांक. एकदा तर अधिकाऱ्यांनी उपाय सुचवला : “ताई, तुम्ही पोलिसात हरवल्याची तक्रार द्या, पेपरात जाहीर नोटीस द्या आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल काढून घ्या. सगळे असंच करतात.” मला प्रचंड संताप आला. कागद माझ्या हातून हरवला असं मी पोलिसांना का सांगू? तो बँकेच्या ताब्यात होता. खोटी तक्रार माझ्या नावावर चढणार, नोटिशीचा खर्च माझा, आणि बँक नामानिराळी. नवऱ्याचं मत होतं की नक्कल घेऊन विषय संपवू. तो रोजच्या फोनाफोनीला कंटाळला होता, त्याचं मी समजू शकते. पण मी नाही म्हटलं.

माझ्या हातात होतं रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांना कागद परत मिळायचे आहेत त्या सगळ्यांना ते लागू आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत सर्व मूळ कागद परत द्यायचे आणि मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही काढायचा. बँकेमुळे उशीर झाला तर कारण कळवायचं आणि दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. कागद हरवला किंवा खराब झाला तर नक्कल मिळवायला मदत करायची, त्याचा खर्चही बँकेनेच करायचा. भरपाई वेगळी, फक्त अशा वेळी आणखी ३० दिवसांची सवलत त्यांना मिळते.

हे मुद्दे घालून मराठीतच पत्र लिहिलं, सोबत यादीची आणि पावतीची प्रत जोडली, शाखेत देऊन पोच घेतली आणि तेच बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे तक्रारी हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना, मेल केलं. आधी उत्तर आलं की बहुतेक कागद मुदतीत दिले आहेत, त्यामुळे भरपाईचा प्रश्न येत नाही. मी उलट लिहिलं की नियमात ‘सर्व’ म्हटलं आहे, ‘बहुतेक’ नाही. कागद हरवला असेल तर तसं बँकेच्या लेटरहेडवर लिहून द्या, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडे) जाईन. लोकपालांकडे तक्रार करायला एक रुपया लागत नाही, ती ऑनलाइन करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते.

‘हरवला असं लिहून द्या’ या वाक्यानंतर कागद सापडला. दुसऱ्या कर्जदाराच्या पाकिटात गेला होता, असं तोंडी सांगितलं, लेखी नाही. २००६ चा तोच करारनामा, कोपऱ्यात आधीच्या मालकांची सही. भरपाईसाठी आणखी पत्रव्यवहार करावा लागला, पण उशिराच्या प्रत्येक दिवसाचे पैसे खात्यात जमा झाले. त्या दिवशी मी शाखेतल्या कोणाशी भांडले नाही, फक्त दुसऱ्या पावतीवर तारीख ठळक घातली. घरी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो वाटायलाच हवा होता.

आठवतंय तसं उरलेलं सांगते. कागद आले तरी सर्साईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नोंदणीतला बोजा निघाला का, हे वेगळं विचारा आणि निघाल्याचा पुरावा मागा. आमचा तो विचारल्यावरच निघाला. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा नोंदलेला असतो, तिथे ‘येणे बाकी नाही’ पत्राची प्रत देऊन नोंद कमी करून घ्या. बंगला किंवा प्लॉट असेल आणि सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकारा’त बोजा नोंदलेला असेल, तर तलाठी कार्यालयात अर्ज केल्याशिवाय तो आपोआप जात नाही. क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं ‘बंद’ दिसतंय का ते महिन्या-दोन महिन्यांनी पाहा. तारणासाठी दिलेले कोरे धनादेश परत मागा.

आणि हप्त्याची ऑटो-डेबिट सूचना बँकेला लेखी अर्ज देऊन रद्द करा. आमच्या शेजाऱ्यांचा कर्ज बंद झाल्यावरही एक हप्ता कापला गेला आणि तो परत मिळवायला त्यांना वेगळी तक्रार करावी लागली. कर्जासोबत एकरकमी प्रीमियमचा विमा गळ्यात मारलेला असेल तर पॉलिसी काढून अटी वाचा. मुदतीआधी कर्ज फेडल्यावर उरलेल्या काळाचा प्रीमियम परत देण्याची तरतूद काही पॉलिसींत असते, पण ती रक्कम मागावी लागते.